सात खणांत न मावणारं गाणं



स्मृतिव्याख्यानासाठी निवडलेला हा विषय सभागृहापेक्षा कारखान्यात शोभेल, असं वरकरणी वाटण्याजोगं आहे. गाण्याच्या फाइलीत गाण्याखेरीज थोडा मजकूरही असतो. गाण्याचं शीर्षक, गाणाऱ्याचं नाव, संग्रहाचं नाव, साल वगैरे. त्याला मेटाडेटा म्हणतात; आपण आज नुसतं ‘नोंदी’ म्हणू. या नोंदी वाचायच्या किंवा बदलायच्या तर प्रत्येक प्रोग्रॅमर फाइलीचे बाइट स्वतः मोजत बसत नाही. तो एखादी तयार लायब्ररी घेतो आणि तिला ठरावीक शब्दांत विचारतो, ‘शीर्षक काय?’, ‘साल किती?’ कोणते प्रश्न विचारता येतील आणि कोणत्या आज्ञा देता येतील, याची ती ठरलेली बोली म्हणजे एपीआय. माझं म्हणणं असं, की ही बोली म्हणजे पाणी वाहून नेणारा मुका नळ नव्हे. गाण्याबद्दलचं काय ‘नाव’ म्हणून गणलं जाईल आणि काय हळूहळू पुसलं जाईल, हे व्यवहारात तीच ठरवते. फाइलीत जागा किती आहे यापेक्षा विचारणाऱ्याला कोणता प्रश्न विचारता येतो, याला इथे जास्त वजन आहे.

गाण्याच्या पोटातच नाव ठेवण्याची युक्ती जुनी आहे. ज्या काळात मुखपृष्ठ नव्हतं, त्या काळात अभंगाच्या शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘दासी जनी’ अशी नाममुद्रा येई. पदापासून ती वेगळी काढता येत नसे. काढली तर छंदच मोडे. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ हे लेखनाचं साल आणि सच्चिदानंदबाबा हे लेखकाचं, म्हणजे लिहून घेणाऱ्याचं, नाव ओवीतच गुंफलेलं आहे. पोथ्यांच्या अखेरीस पुष्पिका असे, आणि नक्कल करणारा आपली नवी पुष्पिका जुनीच्या खाली जोडी. यंत्र आल्यावरही ही रीत एकदम सुटली नाही. नोव्हेंबर १९०२मध्ये कलकत्त्यात फ्रेड गेसबर्गने गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपल्यावर त्यांनी इंग्रजीतून स्वतःचं नाव सांगितलं आणि तेही तबकडीत उतरलं. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोवरला छापल्या जात. कलकत्त्यात सियालदहचा कारखाना १९०८मध्ये निघाला. हॅनोवरच्या कारागिरांना हिंदुस्तानी गाण्यातलं काही कळायचं नाही, तेव्हा कोणत्या तबकडीवर कोणतं लेबल चिकटवायचं ते त्यांना समजावं म्हणून ही घोषणा, असा तिचा खुलासा केला जातो. म्हणजे नोंद आवाजातच होती, आणि ती वाचणाऱ्याकडे कानाखेरीज दुसरं साधन लागत नव्हतं. पुढे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर कागदी लेबलं रुळली. त्यांवर गाणाऱ्याच्या नावाबरोबर रागाचं नाव बहुधा असे, नाट्यपद असेल तर नाटकाचंही असे. हा तपशील जरा लक्षात ठेवावा, कारण पुढच्या टप्प्यावर नेमका तोच गळला.

एमपीथ्रीचं मूळ मानक १९९३ साली प्रसिद्ध झालं. आवाज दाबून लहान कसा करायचा आणि पुन्हा उलगडायचा कसा, हे त्यात काटेकोरपणे सांगितलं आहे. त्या आवाजाला नाव कुठे द्यायचं, याची सोय मात्र त्यात नव्हती. ही उणीव १९९६मध्ये एरिक केंप यांनी भरून काढली. फाइलीच्या अगदी शेवटी १२८ बाइटांचा एक तुकडा जोडायचा. जुन्या वाजवणाऱ्या प्रोग्रॅमना तो कळला नाही तरी बिघडत नाही, कारण तोवर गाणं संपलेलं असतं. पहिले तीन बाइट ‘टॅग’ ही अक्षरं ओळखण्यासाठी, मग शीर्षक, कलाकार आणि अल्बम यांना प्रत्येकी ३०, सालाला ४, टिपणीला ३० आणि गानप्रकाराला १. पोथीच्या पुष्पिकेसारखीच ही शेवटची जागा, फक्त मोजून दिलेली. पुढच्याच वर्षी टिपणीतले शेवटचे दोन बाइट घेऊन गाण्याच्या क्रमांकाची सोय झाली. गानप्रकार एका बाइटात बसवायचा म्हणून त्याची क्रमांकित यादी केली. मूळच्या ८० प्रकारांत डिस्को होता, पोल्का होता, ‘ख्रिश्चन रॅप’ होता. ख्याल, ठुमरी, कीर्तन, भावगीत, नाट्यपद यांपैकी काही नव्हतं. आपल्यासाठी ‘क्लासिकल’ किंवा ‘एथ्निक’ एवढीच निवड. पुढे यादी वाढत गेली तेव्हा तिच्यात भांगडा आला. यात कुणाचा दुष्टावा शोधू नये. एका माणसाने आपल्या संग्रहाची निकड भागवली, आणि जगाने ती सोय उचलली. वाईट हेतू नसतानाही रकाने माणसं वगळतात, एवढंच यातून दिसतं.

तीस बाइटांचा हिशेब देवनागरीत करून पाहण्यासारखा आहे. हा तुकडा मुळात रोमन लिपीतल्या युरोपीय भाषांच्या अक्षरसंचासाठी होता. त्यात देवनागरी नाहीच. तरी कुणी हट्टाने आजच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीने मराठी नाव त्यात कोंबलं, तर प्रत्येक मुळाक्षराला, प्रत्येक काना-मात्रेला, प्रत्येक हलन्ताला तीन-तीन बाइट लागतात. ‘सुधीर फडके’ २८ बाइटांत बसतात. ‘केसरबाई केरकर’ यांना ३७ लागतात. तीस बाइटांवर कात्री चालवली की ‘केसरबाई के’ एवढं उरतं, आणि पुढे ‘र’चे तीनपैकी दोन बाइट, ज्यांचं कोणतंच अक्षर होत नाही. आडनाव निम्म्यावर तुटलं असतं तर एक वेळ चाललं असतं; इथे अक्षरच मधून चिरलं जातं. त्यामुळे त्या काळात मराठी गाण्यांच्या फाइलींवर नावं रोमनमध्येच लिहिली गेली, आणि तीही ज्याच्या त्याच्या स्पेलिंगने.

ही अडचण प्रमाणकर्त्यांना दिसत नव्हती असं नाही. १९९८मध्ये आयडी-थ्रीची, म्हणजे केंप यांच्या याच तुकड्याच्या मानकाची, दुसरी आवृत्ती आली आणि तिची घडणच निराळी होती. नोंदींचा तुकडा शेवटाऐवजी सुरुवातीला आला, लांबीची मर्यादा व्यवहारात उरली नाही, आणि प्रत्येक नोंद स्वतंत्र चौकटीत गेली. गीतकाराला चौकट, संगीतकाराला चौकट, वाद्यवृंदाला चौकट, शिवाय आपलं स्वतःचं लेबल लावून काहीही लिहिण्यासाठी एक मोकळी चौकट. युनिकोडही आलं, २०००च्या शेवटी प्रसिद्ध झालेल्या उपावृत्तीत यूटीएफ-८ अधिकृत झालं. फ्लॅक आणि ऑग व्हॉर्बिस या प्रकारांनी आणखी साधा मार्ग घेतला. रकान्याचं नाव, बरोबरचं चिन्ह, आणि मजकूर यूटीएफ-८मध्ये. एकच रकाना कितीही वेळा लिहा. गंमत अशी, की त्यात मजकूर देवनागरी चालतो, पण रकान्याचं नाव साध्या रोमन चिन्हांतच असावं लागतं. ‘यमन’ देवनागरीत लिहिता येतं, ‘राग’ नाही. उलट एमपीथ्रीच्या मोकळ्या चौकटीचं लेबल खुशाल देवनागरीत ठेवता येतं.

जागा झाली म्हणजे प्रश्न मिटायला हवा होता. मिटला नाही, कारण वाचणारे जुन्याच गृहीतांवर चालत राहिले. मजकूर कोणत्या पद्धतीने लिहिला आहे हे सांगणारा एक बाइट प्रत्येक मजकुराच्या चौकटीत असतो. अनेक प्रोग्रॅम तिथे बिनदिक्कत ‘युरोपीय’ असं सांगून आत आपल्या प्रांताची लिपी भरत. यूटीएफ-८मधलं मराठी नाव युरोपीय समजून वाचलं की काय दिसतं, हे अनेकांच्या पाहण्यात असेल. प्रत्येक अक्षराच्या जागी वर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्याला लागून चलनाचं एक अनोळखी चिन्ह, नाहीतर जपानी येनचं. देवनागरीचे बाइट त्या जुन्या कोष्टकात नेमके तिथे पडतात, म्हणून आपल्या सगळ्या गायकांची नावं अशी सावकारी वहीसारखी दिसू लागतात. नोंद शाबूत असते. प्रश्न चुकीच्या भाषेत विचारलेला असतो.

इथे आपण मूळ मुद्द्यावर आलो. एमपीथ्री, फ्लॅक, ॲपलचे फाइलप्रकार, विंडोजचे फाइलप्रकार अशा प्रत्येकाची नोंद ठेवण्याची तऱ्हा वेगळी. वाजवणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला या सगळ्या तऱ्हा शिकायच्या नसतात. त्याच्यासाठी लायब्ररी लिहिल्या गेल्या. त्यांतली बहुधा सर्वांत जास्त वापरली गेलेली म्हणजे टॅगलिब. ती स्कॉट व्हीलर यांनी केडीई या मुक्त प्रणालीतल्या ‘ज्यूक’ नावाच्या वादकासाठी लिहायला घेतली, आणि आज व्हीएलसीसारख्या घराघरांतल्या प्रोग्रॅमच्या पोटात ती आहे. पायथॉनमध्ये म्यूटाजेन ही तिच्याच तोडीची लायब्ररी. टॅगलिबचं यश तिच्या साधेपणात आहे. फाइल कोणत्याही प्रकारची असो, तिला सात गोष्टी विचारता येतात: शीर्षक, कलाकार, अल्बम, टिपणी, गानप्रकार, साल, क्रमांक. हे सात खण म्हणजे केंप यांच्या १२८ बाइटांचा आणि त्यावर झालेल्या दुरुस्तीचाच आराखडा. फाइलीच्या आतली कोठी कितीतरी मोठी झाली, दर्शनी खिडकी मात्र १९९६च्याच मापाची राहिली. सी भाषेतून या लायब्ररीकडे येणाऱ्यांना तर जानेवारी २०२४मध्ये दुसरी आवृत्ती येईपर्यंत या सातांपलीकडे हात घालता येत नव्हता.

याचा अर्थ गाण्यांच्या बाबतीत काय होतो, तो दोन उदाहरणांवर तपासू. पहिलं गीतरामायण. १९५५-५६मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक या क्रमाने प्रसारित झालेली ५६ गीतं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचं. प्रसारणात गायक बदलत गेले. माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, ललिता फडके होत्या, स्वतः फडके होते. पुढे फडक्यांनी सगळी गीतं एकट्याने गायली आणि घरोघरी पोचला तो बहुतांशी हाच आवाज. आता सात खण भरा. शीर्षक, ठीक. अल्बम गीतरामायण. क्रमांक एक ते छप्पन, तोही ठीक. कलाकार फडके, संगीतकार म्हणून की गायक म्हणून, हे खण विचारत नाही. गदिमांना मात्र खणच नाही. ज्यांना महाराष्ट्राने आधुनिक वाल्मीकी म्हटलं, त्यांना रामायणाच्या फाइलीत बसायला टिपणीची ओसरी. आणि हे फाइलीत जागा नाही म्हणून नव्हे. गीतकाराची चौकट १९९८पासून मानकात आहे. तिच्याबद्दल विचारण्याचा प्रश्न सोप्या सातांत नाही, म्हणून वाजवणारा प्रोग्रॅम ती दाखवत नाही. दिसत नाही म्हणून कुणी भरत नाही. कुणी भरत नाही म्हणून पुढचा प्रोग्रॅमर ती दाखवायची तसदी घेत नाही.

दुसरं उदाहरण केसरबाईंचंच. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी गेली, तिच्यातल्या २७ संगीततुकड्यांत ‘जात कहाँ हो’ ही त्यांची सुमारे साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. अमेरिकेत तयार झालेल्या त्या यादीतसुद्धा हा राग आहे एवढी नोंद आहे, आणि ‘सूरश्री’ ही पदवीही आहे. ‘केसर बाई’ असं नाव तोडून लिहिलं आहे, ते सोडून देऊ. हीच भैरवी फाइल म्हणून आपल्या संगणकावर आली की रागाला खण नाही. मग कुणी शीर्षकापुढे आडवी रेघ मारून भैरवी लिहितो, कुणी अल्बमच्या जागी, कुणी गानप्रकारात, कुणी टिपणीत. प्रत्येकाने आपापल्या परीने बरोबरच केलेलं असतं, आणि सगळ्या मिळून संग्रहातल्या भैरव्या एका ठिकाणी कधीच येत नाहीत. साल कोणतं घालायचं, गाण्याचं, तबकडीचं की यान उडाल्याचं, हाही प्रश्न आहेच. मानकात ‘सुरुवातीचा स्वर’ म्हणून एक तीन अक्षरांची चौकट आहे. पाश्चात्त्य पद्धतीचा मूलस्वर, त्याचा चढ-उतार आणि शेवटी मायनर असल्यास त्याची खूण. तिच्यात केसरबाईंची पट्टी, म्हणजे काळी कितवी, कदाचित लिहिता येईल. राग लिहिता येणार नाही. त्याच चौकटीत ‘बेसूर’ अशी खूण करण्याची सोय मात्र मानकाने आठवणीने ठेवली आहे.

यावर पहिला आक्षेप प्रोग्रॅमर घेतील, आणि तो वजनदार आहे. ते म्हणतील, साधेपणा होता म्हणून तर लायब्ररी टिकली. पहिल्या दिवशी सात खणांऐवजी सत्तर दिले असते तर कुणी वापरलीच नसती, आणि आज देवनागरी नाव धडपणे दिसतं तेही दिसलं नसतं. हे खरं आहे. बहुतेक चित्रपटगीतांना आणि पॉप गाण्यांना सात खण पुरतात, हेही खरं. शिवाय ही तक्रार एकट्या हिंदुस्तानी संगीताची आहे असा गळा काढणंही चुकीचं ठरेल. युरोपीय अभिजात संगीताचे श्रोते अनेक वर्षं हेच सांगत होते. बीथोव्हनची सिंफनी घेतली तर कलाकार कोण, बीथोव्हन, वाद्यवृंद की संचालक? आयट्यून्ससारख्या बलाढ्य दुकानालाही २०१६पर्यंत ‘रचना’ आणि ‘खंड’ असे वेगळे रकाने द्यायला सुचलं नव्हतं. माझा वाद सात खणांशी नाही, ते घराचं दार आहेत. दारालाच घर समजून मागच्या खोल्या पाडणाऱ्या प्रोग्रॅमशी आहे. वाचताना सातच दिसले तर नुकसान तात्पुरतं असतं. उद्या दुसरा प्रोग्रॅम आठवा खण वाचील. लिहिताना मात्र गोष्ट बदलते.

नोंदी बदलणं हे वाचण्यापेक्षा फार वेगळं काम आहे, आणि एपीआयची खरी परीक्षा तिथे होते. आपल्याकडे याचा एक थोर दाखला आहे. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावलं, की यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल. या इशाऱ्यातला अर्धा भागच आपण नेहमी सांगतो, भर घालू नये हा. उरलेला अर्धा त्यांच्या कामातच होता. जे कळलं नाही ते संपादकाने गाळायचं नसतं. संगणकाच्या बाबतीत हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. प्रोग्रॅम भर फारशी घालत नाहीत, ते गाळतात. एखादा प्रोग्रॅम फाइल उघडतो, सात गोष्टी वाचतो, वापरणारा शीर्षकातली एक वेलांटी दुरुस्त करतो, आणि ‘जतन करा’ म्हटल्यावर प्रोग्रॅम आपल्याला ठाऊक असलेल्या सातांचा नवा तुकडा रचून जुन्याच्या जागी बसवतो. एका वेलांटीपायी गीतकार गेला, तबलजी गेला, राग गेला. पडद्यावर काहीच बदललेलं दिसत नाही, कारण गेलेलं तिथे आधीही दिसत नव्हतं.

टॅगलिबने पुढे जी व्यवस्था आणली, ती या बाबतीत अभ्यासण्यासारखी आहे. सात खणांच्या पलीकडे तिने एक मोकळी यादी दिली. रकान्याचं नाव आणि त्याखाली एक किंवा अनेक मूल्यं. ‘संगीतकार’, ‘गीतकार’ हे तर आहेतच. एमपीथ्रीत ‘वादक’ या नावापुढे विसर्गासारखे दोन ठिपके देऊन वाद्याचं नाव लिहिलं तर ते वादकांच्या अधिकृत चौकटीत जातं, म्हणजे तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण हे वेगवेगळं नोंदता येतं. मानकाला माहीत नसलेलं नाव, समजा ‘राग’, आपोआप मोकळ्या चौकटीत ठेवलं जातं. पण यापेक्षा मोलाचे दोन छोटे निर्णय आहेत. यादी लिहायला दिली आणि त्यातलं काही त्या फाइलप्रकारात बसलं नाही, तर लायब्ररी ते गुपचूप टाकून देत नाही. जे मावलं नाही त्याची यादी हातात परत देते. आणि वाचताना जे या यादीच्या रूपात मांडता येत नाही, त्याचा वेगळा उल्लेख करते, व मुद्दाम काढायला सांगितल्याशिवाय त्याला हात लावत नाही. न समजलेल्या चौकटी ‘अज्ञात’ म्हणून जशाच्या तशा सांभाळण्यासाठी तिच्यात स्वतंत्र सोय आहे. यात एक खाचखळगाही आहे. यादीच्या रूपात मांडता येण्यासारखं जे जे आहे, पण प्रोग्रॅमरने परत दिलेल्या यादीत नाही, ते पुसलं जातं. म्हणून आधी पूर्ण यादी वाचायची, तिच्यात हवा तो बदल करायचा आणि पूर्ण यादी परत द्यायची, हा क्रम पाळावा लागतो. सात नोंदींची नवी यादी करून दिली, की ‘राग’ गेलाच. शिस्त लायब्ररीत आहे, ती पाळणं वापरणाऱ्यावर आहे. परत मिळालेली न मावलेल्यांची यादी किती प्रोग्रॅम उघडून बघतात, हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो. मोकळे रकाने दिले की बजबजपुरी माजते. एकजण ‘राग’ लिहील, दुसरा रोमनमध्ये एका ‘ए’ने, तिसरा दोन ‘ए’ने. आक्षेप बरोबर आहे, आणि मराठी लिपीच्या बाबतीत तो आणखी खोल जातो. अत्र्यांच्या आत्मचरित्राचं नाव घ्या, ‘कऱ्हेचे पाणी’. त्यातला अर्धा, चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. ठिपक्याचा वेगळा ‘ऱ’ आणि हलन्त घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच, बाइटांच्या हिशेबात दोन वेगळी पुस्तकं. ‘ॲ’चंही तसंच. त्याला स्वतःची जागा २००८मध्ये मिळाली. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन भागवत, आणि युनिकोडच्या नियमांनुसार हे दोन समान धरले जात नाहीत. तेव्हा नुसती रकान्यांची नावं ठरवून भागणार नाही, तुलना कशी करायची हेही एपीआयने सांगितलं पाहिजे. पण या गोंधळावर उपाय रकाने बंद करणं हा नव्हे. मानकातही अर्थ वापराने ठरले आहेत. ‘वाद्यवृंद’ म्हणून जी चौकट मानकाने दिली, ती लोकांनी ‘अल्बमचा कलाकार’ म्हणून वापरली, आणि आज तोच तिचा अर्थ आहे. म्यूझिकब्रेन्झ या स्वयंसेवकांच्या कोशात कृतींना राग आणि ताल हे गुणधर्म जोडता येतात. त्यामागे बार्सिलोनाच्या पाँपेउ फाब्रा विद्यापीठात झावियेर सेर्रा यांनी चालवलेल्या, आणि आयआयटी मुंबईचा सहभाग असलेल्या, कॉम्पम्यूझिक प्रकल्पाचा मोठा वाटा आहे. तेव्हा संकेत होऊ शकतात. मराठीसाठी फार लांब यादी लागत नाही. राग, ताल, नाटक, गीतकार, चाल कुणाची, मूळ चाल कोणती, साथ, एवढ्यांची रोमन नावं एकदा ठरली तरी नाट्यसंगीताचं बरंच काम होईल. १९१६च्या ‘स्वयंवरा’त शब्द खाडिलकरांचे, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, रंगभूमीवर बालगंधर्व, आणि आज हातात असलेली फाइल चौथ्याच कुणाच्या आवाजातली. हे चौघे चार रकान्यांतच राहिले पाहिजेत.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा. फाइलीच जर कुणी ठेवत नाही, गाणी दूरच्या सर्व्हरवरून येतात, तर नोंदी फाइलीत हव्यात कशाला? मोठ्या कोशात ठेवा, फाइलीला नुसता क्रमांक द्या. सीडीच्या बाबतीत हा प्रयोग झालेला आहे. मूळ सीडीच्या मानकात गाण्यांची नावं नव्हती. मग सीडीडीबी हा कोश उभा राहिला. जगभरच्या श्रोत्यांनी आपल्या सीडींची नावं फुकट टंकून तो भरला. पुढे त्याची कंपनी झाली, ग्रेसनोट हे तिचं नाव, आणि लोकांनी भरलेल्या माहितीवर तिने अटी घातल्या. म्यूझिकब्रेन्झसारखे खुले कोश निघाले ते याच अनुभवातून. म्हणजे कोश हवाच, पण एकाच कोशावर विसंबून नाव बाहेर ठेवणं धोक्याचं. आणि जे कोणत्याच कंपनीने काढलं नाही त्याचं काय? मैफिलींचं खाजगी मुद्रण, स्पूलवरून कॅसेटवर आणि कॅसेटवरून फाइलीत आलेलं, गायनसमाजांच्या कपाटांत आणि रसिकांच्या हार्डडिस्कांवर पडून असलेलं, याला कोशात क्रमांक नाही. हे गाणं हातोहात फिरतं. फाइलीबरोबर जे नाव फिरेल तेवढंच उरेल.

आवाजावरून गाणं ओळखणारे प्रोग्रॅम आले आहेत, हेही इथे सांगितलं जाईल. क्रोमाप्रिंटसारखं तंत्र आवाजाचा ठसा काढून तेच मुद्रण कोशात आहे का ते सांगतं, आणि ते काम चोख करतं. पण ठसा जुळायला कोशात दुसरा ठसा असावा लागतो. आणि तो जुळला तरी मिळतं ते कुणीतरी आधी लिहून ठेवलेलंच. राग ओळखणारं यंत्रही उद्या पुरेसं चांगलं होईल, त्यावर संशोधन चालू आहे. तानपुऱ्यावर मागे कोण बसलं होतं, बंदिश कुणाकडून आली होती, मैफल कोणत्या गावातली होती, हे स्वरांत नसतं. ते कॅसेटच्या खोक्यातल्या पट्टीवर बॉलपेनने लिहिलेलं असतं, आणि ती पट्टी वाचून टंकणारा माणूस जेव्हा संगणकापुढे बसतो, तेव्हा समोरच्या चौकोनांत सात रकाने असतात. बाकीचं तो टिपणीत भरतो. ते एमपीथ्रीच्या जुन्या शेपटीतही उतरतं तेव्हा क्रमांकाचे दोन बाइट वजा जाऊन टिपणीला २८ उरतात. देवनागरी असेल तर नऊ चिन्हं.